रक्त न गोठू देणारी गोळी आणि झाडपाला



या अंकाच्या आरोग्यपाठाचा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आषाढात, भर पावसात, डोलीतून दवाखान्याच्या ओट्यावर आला.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका पाड्यावरची ही बाई. वय पस्तिशीच्या आसपास. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्या हृदयाची खराब झालेली झडप काढून धातूची झडप बसवली गेली. त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाला तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हातभार लावला होता, म्हणून पुढची हकिगतही तुम्हाला कळायला हवी. त्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होते. दंडावर आणि मांडीवर जांभळे डाग होते. दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखे काळे होत होते, हे तिच्या सासूने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले. ओढ्याला पाणी आल्याने जीपला मोठा वळसा घ्यावा लागला आणि रुग्णालय गाठायला साडेतीन तास गेले. तिथे रक्त तपासले तेव्हा जो आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असायला हवा होता तो ८.६ निघाला.

ती वाचली. के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन डॉक्टरांनी तिला सावरले. तेही बेताबेताने, कारण धातूची झडप असलेल्या माणसाला के जीवनसत्त्व एकदम जास्त दिले तर झडपेवरच रक्ताची गुठळी धरण्याची भीती असते. आठवड्याने ती घरी आली.

मला बोचते ते निराळेच. महिन्याभरापूर्वी ती नेहमीच्या तपासणीला आली होती. मी तिला विचारले होते, "दुसरं काही औषध घेतेस का?" ती म्हणाली, "नाय." मी वहीत "नाही" असे लिहिले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

घरी परतल्यावर तिनेच सांगितले की ती तीन गोष्टी करत होती. गुडघ्यांसाठी भगताने दिलेल्या सालीचा काढा घेत होती, आठवडी बाजारातून आणलेली "संधिवाताची पुडी" घेत होती आणि रात्री वासाचे तेल चोळत होती. मग आधी का नाही सांगितलेस, असे विचारले तर म्हणाली, "तुमी वरडाल म्हणून. मागं सासूला वरडला होता ना." ओरडले होते, हे खरे आहे.

ही गोळी कशासाठी

शहरातल्या वाचकांना वाटेल, डोंगरातल्या तरुण बाईला हृदयाची झडप बदलावी लागते ती कशी? लहानपणी घसा दुखतो. तो एका विशिष्ट जंतूमुळे दुखत असेल आणि त्यावर उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे सांधे धरून येणारा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा आतून जखमी होतात, आणि पुन्हापुन्हा ताप आला की जास्तच. दाटीवाटीची घरे, कुडाच्या भिंती, दवाखाना दूर, असे जिथे असते तिथे हा आजार टिकून राहतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, आपल्याकडच्या गरीब वस्त्यांतून गेलेला नाही. विशीत-तिशीत दम लागू लागतो आणि बऱ्याच बायकांच्या बाबतीत तो पहिल्यांदा बाळंतपणातच कळतो.

आकसलेल्या झडपेमागे रक्त साचते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. धातूच्या झडपेवरही गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून या रुग्णांना रोज, आणि झडप धातूची असेल तर जन्मभर, एक छोटी गोळी घ्यावी लागते. ती वॉर्फरिन असते किंवा तिच्याच जातीची असेनोकौमारोल. रुग्णांच्या पिशवीत ती वॉर्फ किंवा असिट्रॉम अशा नावांनी सापडते.

अलीकडे तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या आल्या आहेत, मग त्या का देत नाही, असे एका देणगीदारांनी पत्रातून विचारले होते. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. अशा रुग्णांवर त्यांतली एक गोळी वापरून पाहिली गेली, तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही वाढला, म्हणून तो प्रयोग थांबवावा लागला. ऱ्हुमॅटिक आजारामुळे हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा २४ देशांतला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही नव्या रिवारॉक्सॅबनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. तेव्हा आपल्या पाड्यांवर ही जुनी, स्वस्त आणि नाजूक गोळी अजून बरीच वर्षे राहणार आहे.

नाजूक अशासाठी की तिचा कमी डोस आणि जास्त डोस यांत फार अंतर नाही. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी करत राहावी लागते. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या जवळ असतो. ठोके अनियमित असलेल्यांचा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. डाव्या बाजूच्या मोठ्या झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५ मध्ये. त्याखाली गेला की गुठळीची भीती, आणि ५ च्या वर गेला की रक्तस्रावाची भीती झपाट्याने वाढते. दोन्ही बाजूंना दरी असलेली पायवाट डोळ्यांसमोर आणावी.

ही गोळी निघाली कुठून

झाडपाल्यातूनच निघाली. ही गोष्ट मी हल्ली पाड्यावरच्या सभेत सांगते, कारण ती सांगितली की "डॉक्टरी औषध वेगळे आणि पाला वेगळा" ही भिंत जरा खाली येते.

१९२० नंतर कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे छाटली, खच्चीकरण केले की रक्त थांबेचना. काही जनावरे तर जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन पडत. ओंटारियोतील एक पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी याचा माग काढला. आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आवडेल: त्याआधी १९१६ ते १९२० या काळात ते कोरियात मिशनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, १९१९च्या स्वातंत्र्य चळवळीच्या बाजूने उभे राहिले होते, आणि आज त्यांची कबर सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. तर, स्कोफिल्ड यांच्या लक्षात आले की आजारी गुरांनी स्वीट क्लोव्हर नावाचा गोड वासाचा चारा खाल्लेला असतो, आणि तो ओलसर राहून बुरसलेला असतो. एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या वेगळ्या करून त्यांनी एका सशाला घातल्या आणि बुरसलेल्या काड्या दुसऱ्याला. पहिला ठणठणीत राहिला. दुसरा रक्तस्रावाने मेला.

मंदीचे दिवस होते. "चारा फेकून द्या" हा सल्ला शेतकऱ्यांना परवडणारा नव्हता. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन, हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे सहा-सात वर्षे खपून त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले एक द्रव्य म्हणजे वॉर्फरिन. १९४८ साली ते बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून, आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झाले.

यात एक बारकावा आहे आणि आजच्या विषयाला तो महत्त्वाचा आहे. ताज्या चाऱ्यातले मूळ द्रव्य रक्ताला काही करत नव्हते. बुरशीने त्याचे रूप बदलले तेव्हा ते घातक झाले. म्हणजे तीच वनस्पती, पण कधी तोडली, कशी वाळवली, ओल लागली की नाही, यावर सगळे बदलले. आपल्या पाड्यावर छपराला टांगलेल्या मुळ्या आणि साली पाहिल्या की मला ती गंजी आठवते.

"रक्त पातळ"

आपण सर्रास म्हणतो, "रक्त पातळ करायची गोळी". डॉक्टर म्हणतात, आम्ही परिचारिकाही म्हणतो. हा शब्द आता सोडून द्यावा, असे माझे मत झाले आहे. या गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही. यकृतात रक्त गोठवणारे काही घटक तयार होतात, त्यांतल्या चार घटकांना के जीवनसत्त्व लागते, आणि ही गोळी त्या जीवनसत्त्वाचा पुन्हा होणारा वापर अडवते. त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो, इतकेच. पण पाड्यावर "रक्त पातळ झालं" याचा अर्थ अंगातली ताकद गेली असा होतो. मग घरची माणसे मायेने दोन गोष्टी करतात: गोळी हळूहळू कमी करतात आणि रक्त घट्ट व्हावे, वाढावे म्हणून पाला खाऊ घालतात.

आमच्या एका तरुण रुग्णाच्या बाबतीत असेच झाले. वीटभट्टीवरून घरी आल्यावर तो फिकट दिसतो म्हणून आईने रोज शेवग्याचा पाला सुरू केला आणि गोळी अर्धी केली. एका सकाळी त्याचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. आयएनआर १.२. हात बराचसा परतला, पण कोयता अजून नीट धरवत नाही. यात शेवग्याचा दोष किती आणि अर्ध्या गोळीचा किती हे कोणी सांगू शकणार नाही. मला तर गोळीचाच जास्त वाटतो. पण दोन्हींच्या मागे तो एकच शब्द होता.

शेवगा, टाकळा, कुर्डू, माठ, अळू, पालक, अशा हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असते, आणि शिजवल्याने ते जात नाही. उन्हाळ्यात भात आणि सुकी मासळी खाणारे घर पहिल्या पावसानंतर रोज रानभाजी खाऊ लागते. त्या वेळी गोळीचा जोर कमी पडू शकतो, आणि पुढे भाज्या संपल्या की तोच डोस जास्त ठरू शकतो. म्हणून पाने बंद करा, असे मात्र कोणी सांगू नये. पाने जवळजवळ न खाणाऱ्यांचा आयएनआर उलट जास्त हेलकावे खातो, असे अभ्यासांत दिसले आहे. शिवाय पावसाळ्यात फुकट मिळणारे हेच तर चांगले अन्न आहे. पाने खावीत, बेताने आणि सारखी खावीत, आणि ऋतू बदलला की तपासणी लवकर करून घ्यावी.

साल, पुडी आणि तेल

आता त्या बाईच्या तीन उपायांकडे येऊ. वाचणाऱ्याचे बोट सहज भगताच्या सालीकडे जाते. माझेही तिकडेच गेले होते.

तेलाची बाटली पाहिली. त्यात गंधपुरा तेल होते. अंगदुखीच्या पुष्कळ तेलांत आणि बामांत ते असते, त्या ओळखीच्या तिखट-गोड वासाने कळते. काही बाटल्यांवर मेथिल सॅलिसिलेट असे लिहिलेले असते. ते अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातले द्रव्य आहे आणि कातडीतून रक्तात जाते. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ते भरपूर चोळल्यावर आयएनआर वाढल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. कधीतरी कपाळाला बोटभर बाम लावणे निराळे. ही बाई दोन्ही गुडघ्यांना रोज रात्री, शेकून चोळत होती.

पुडी उरलीच नव्हती, त्यामुळे तिच्यात काय होते ते कळले नाही. पण अशा "शुद्ध जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांची जिथे जिथे तपासणी झाली, तिथे त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके कुटून मिसळलेली आढळली आहेत. वेदनाशामक पोटाच्या अस्तराला जखम करते, आणि इकडे रक्त गोठत नसते. काळ्या शौचाचे कारण तिथे असण्याचा मला दाट संशय आहे. सासू म्हणाली, "पुडी घेतली की घटकाभरात दुखणं पळायचं." खरा झाडपाला इतक्या लवकर धावत नाही.

आणि साल? भगतबाबांकडे मी स्वतः गेले, जरा भीतभीतच. त्यांनी झाड दाखवले, कुठल्या बाजूची साल काढतात तेही सांगितले. त्या सालीचा आणि वॉर्फरिनचा संबंध कुठे तपासलेला मला आढळला नाही. आपल्या रानातल्या बहुतेक औषधींची हीच स्थिती आहे. बाबा म्हणाले, "तिचं छातीचं ऑपरेशन झालं ते मला ठावं होतं. मला वाटलं, ऑपरेशन झालं, आजार गेला. रोजची गोळी हाय हे मला कोणी बोललंच नाय." म्हणजे तिने पाल्याचे आम्हाला सांगितले नव्हते आणि गोळीचे त्यांना. दोघांच्या मध्ये ती एकटीच उभी होती.

ज्यांच्याविषयी काही माहीत आहे अशा गोष्टी बऱ्याचदा आपल्याच स्वयंपाकघरातल्या निघतात. हळदीचे घ्या. भाजीत टाकतो त्या चिमटीने काही बिघडत नाही. पण न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली एक इशारा प्रसिद्ध केला. वॉर्फरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीपासून केलेले उत्पादन घ्यायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. लसूण आणि आले यांच्याही अर्काच्या कॅप्सूल मिळतात. फोडणीतल्या लसणाची भीती नको, कॅप्सूलची हवी, कारण तिच्यात कित्येक दिवसांचा ऐवज एका घोटात जातो आणि या दोन्हींचा परिणाम रक्तातल्या प्लेटलेट्सवर होतो. मेथीदाण्याचे पाणी मधुमेहासाठी घरोघरी घेतात. वॉर्फरिन घेणाऱ्या एका रुग्णाचा आयएनआर मेथीने वाढल्याची नोंद आहे, पण तो सोबत आणखी एक परदेशी वनस्पती घेत होता, तेव्हा दोष कोणाचा ते पक्के नाही. मोहाच्या दारूचेही सांगून टाकते: एखाद्या लग्नात एकदम पुष्कळ पोटात गेली तर गोळीचा जोर वाढतो, आणि रोजची सवय असेल तर उलट कमी होऊ शकतो. शिवाय झिंगून पडला आणि डोक्याला मार लागला तर काय, ते निराळेच.

याच्या उलट गोळीचा जोर घालवणाऱ्या वनस्पतीही आहेत. परदेशात उदासपणासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही त्यांतली सर्वांत परिचित. ती यकृताला गोळी भराभर मोडायला लावते, आणि तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचाही जोर ती घटवते. (क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन हेच काम फार जोराने करते. ते झाडपाला नव्हे, पण आपल्या भागात क्षय आहे म्हणून ध्यानात असू द्या.)

एक गोष्ट आम्ही स्वतः उशिरा शिकलो. एखादा रुग्ण सहा महिने काढा घेत असेल तर आमचा डोस त्या काढ्यासकट बसलेला असतो. आपण रागावून काढा एकदम बंद करायला लावला तर आयएनआर दुसऱ्या बाजूला घसरू शकतो, आणि तेही लगेच न कळता, काही दिवसांनी. कारण या गोळीचा कमीजास्तपणा रक्तात उतरायला दोन-तीन दिवस तरी लागतात. म्हणून सुरू करतानाही सांगायचे आणि सोडतानाही सांगायचे.

तुमच्या घरातले कपाट

हा पाठ पाड्यापुरता नाही. आपल्या मंडळीत कितीतरी ज्येष्ठांना स्टेंट बसवलेला आहे, कोणाला पायात गुठळी झाली होती, कोणाचे ठोके अनियमित आहेत. तुमच्या गोळ्या वेगवेगळ्या असतील. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सवर काम करतात. त्यांना पालेभाजीचे पथ्य नाही, आयएनआरही नाही, पण हळद-लसूण-आल्याच्या कॅप्सूल आणि स्मरणशक्तीसाठी मिळणारे गिंको यांच्या बाबतीत सावध राहावे. एपिक्सॅबन किंवा रिवारॉक्सॅबन घेणाऱ्यांनाही पालेभाजीची काळजी नाही. पण "माझी तपासणी नसते, म्हणजे काही होत नाही" असे समजू नये. तपासणी नाही म्हणजे बिघाड आधी कळायची सोय नाही.

आता जरा अवघड बोलते, राग मानू नये. गेल्या नाताळात देणगीच्या खोक्यांतून हळदीच्या कॅप्सूलच्या अकरा बाटल्या, लसणाच्या गोळ्या, "हर्बल" सांधेदुखीचे तेल आणि परदेशातल्या एका भगिनींनी पाठवलेले गिंको निघाले. त्यामागचे प्रेम आम्हाला कळते. पण हे पाड्यावर वाटले गेले की कोणी घ्यायचे आणि कोणी नाही हे पाहायला तिथे कोणी नसते. एक डबा चार घरांत फिरतो. ज्या तेलाविषयी वर लिहिले तसलेच तेल आमच्याच खोक्यातून कोणाच्या तरी घरी गेलेले नसेल, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. त्याऐवजी तपासणीच्या दिवसाचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी एवढे दिलेत तर एका रुग्णाचा महिना सुरक्षित जातो. बरेच जण तपासणी चुकवतात ती याच दोन गोष्टींपायी.

पाड्यांना भेट देणाऱ्या आपल्या तरुण संघातल्या आणि महिला मंडळातल्या कार्यकर्त्यांनी काही खुणा ओळखायला शिकावे. लाल कार्डवाला रुग्ण, म्हणजे ज्याच्या कार्डावर आम्ही लाल पट्टी लावतो तो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते म्हणाला, लघवी लाल झाली, शौच काळे झाले, मार न लागता निळे डाग उठले, पाळी थांबत नसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. डोक्याला मार लागला असेल तर तो हसत-बोलत असला तरी आणावे. आतला रक्तस्राव काही तासांनीही डोके वर काढतो. दुसऱ्या बाजूच्या खुणा म्हणजे तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे, एकाएकी दम लागणे. धातूची झडप बारीक टिकटिक करते. रात्री झोपडीत सामसूम झाली की शेजारी निजलेल्यालाही ती ऐकू येते, मुले तिला "आईचं घड्याळ" म्हणतात. ती टिकटिक दबल्यासारखी वाटू लागली तरी सकाळची वाट पाहू नये. आणि लाल कार्डवाल्या तरुण बाईची पाळी चुकली तर तेही ताबडतोब कळवावे. ही गोळी गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाधते. पण म्हणून ती आपल्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे.

कार्यकर्त्यांनी प्रश्न कसा विचारावा, हे आता आम्ही नव्याने बसवले आहे. "दुसरं औषध घेता का?" हा प्रश्नच चुकीचा होता. औषध म्हणजे गोळी आणि सुई. काढा, पाला, मुळी, चाटण, चोळायचे तेल यांना पाड्यावर कोणी औषध म्हणत नाही. ती बाई "नाय" म्हणाली ते तिच्या परीने अगदीच खोटे नव्हते. आता आम्ही विचारतो, "गुडघा दुखला की घरी काय करता? काय उगाळता, काय चोळता? बाजारातून काय आणलंत?" हे सासूला किंवा आजीलाही विचारतो, कारण घरातला उपाय बहुधा त्यांच्या हातून होतो. उत्तर काहीही आले तरी चेहरा बदलू द्यायचा नाही, हे मला सर्वांत जड जाते. शेवटी सांगतो, पुढच्या खेपेला जे असेल ते पिशवीत घालून घेऊन या. वहीत आयएनआरच्या शेजारी आता एक नवा रकाना आहे आणि त्यात "नाही" एवढेच लिहायची मुभा नाही. भगतबाबा लाल पट्टी ओळखतात. त्यांनी दोघांना उपाय देण्याआधी आमच्याकडे पाठवले आहे. आम्हीही एकदा त्यांच्याकडे जाऊन एक मुळी ओळखून घेतली आहे.

ती बाई गेल्या मंगळवारी आली होती. आयएनआर २.८. गुडघे अजून दुखतात. त्यासाठी पॅरासिटामॉल बेताच्या प्रमाणात दिले आहे, तेही वहीत लिहून, कारण रोज भरपूर घेतले तर तेसुद्धा आयएनआर वाढवू शकते. सासूने पिशवीतून वाळलेल्या पानांची एक जुडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "ही अजून दिली नाय. आधी इचारते." मला ती पाने ओळखता आली नाहीत. जुडी कपाटात ठेवली आहे. शनिवारच्या बाजाराला भगतबाबा येतील तेव्हा त्यांना दाखवीन.